बिलीव्ह म्हणजे दरवेळी विश्वास नव्हे

कानामात्रा

शब्दकोशात 'बिलीव्ह'पुढे पहिला अर्थ असतो 'विश्वास ठेवणे'. शाळेत तोच पाठ केलेला, त्यामुळे पुढे आयुष्यभर तो शब्द दिसला की डोक्यात विश्वासच येतो. माझं म्हणणं असं, की रोजच्या बोलण्यातल्या बहुतेक वाक्यांत हा अर्थ बसतच नाही. बसवला की वाक्य एकतर जड होतं, नाहीतर भलतंच काहीतरी सांगतं.

'आय डोन्ट बिलीव्ह यू' हे साधं वाक्य घ्या. 'माझा तुझ्यावर विश्वास नाही' असं केलं की संपलंच. मराठीत हे वाक्य भागीदारी मोडताना किंवा संसार मोडताना येतं. इंग्रजीत मात्र एक मैत्रीण म्हणाली 'मी अख्खी कादंबरी एका रात्रीत संपवली' आणि दुसरी हसत म्हणाली 'आय डोन्ट बिलीव्ह यू!', तर त्याचा अर्थ 'हॅ, काहीतरीच!' एवढाच. शंका त्या एका वाक्यावर आहे, माणसावर नाही. यासाठी आपल्याकडे नेमका प्रयोग आहे, 'खरं वाटत नाही'. तो सोडून आपण विश्वासाला वेठीला धरतो.

आता त्यात 'इन' घाला. 'आय बिलीव्ह इन यू.' इथे समोरचा काही बोललेलाच नसतो, तेव्हा खरं-खोटं वाटण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणायचं असतं, 'तू करून दाखवशील, मला खात्री आहे'. पण 'डू यू बिलीव्ह इन घोस्ट्स?' मधला 'इन' वेगळा. तिथे 'भुतंखेतं मानता का?' असं हवं. (भुतांवर विश्वास ठेवता का, असं कुणी विचारलं तर मला वाटेल भुताने उसने पैसे मागितलेत.) आणि 'आय डोन्ट बिलीव्ह इन शाउटिंग ॲट चिल्ड्रन' म्हणणाऱ्याला मुलांवर ओरडणं पटत नसतं. ओरडणं अस्तित्वात आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, शेजारीच चालू असतं.

म्हणजे खात्री असणे, मानणे, पटणे, खरं वाटणे. चार मराठी क्रियापदांचं काम इंग्रजीत एकटा 'बिलीव्ह' करतो आणि आपण ते पाचव्याच्या गळ्यात घालतो.

शिवाय एक प्रकार असा, ज्यात यातलं काहीच नसतं. 'ही हॅज लेफ्ट, आय बिलीव्ह.' इथे 'आय बिलीव्ह' म्हणजे 'तो गेला वाटतं' मधलं ते शेवटचं 'वाटतं'. नुसती शेपूट. जबाबदारी थोडी कमी करून घेतलेली. 'आय डोन्ट बिलीव्ह वी हॅव मेट' हे तर ओळख करून घेण्याचं सभ्य वाक्य आहे, 'आपली ओळख झाली नाही वाटतं'. इथे विश्वास आणला तर समोरचा चार पावलं मागे सरेल.

तुमच्या पाहण्यातली वाक्यं टाका. व्याकरणाचे नियम नकोत, ते पुस्तकात आहेत.

निवांत

पहिला! उत्तम धागा. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

खडू_फळा

धागा आवडला, पण नियम नकोत म्हणून कसं चालेल, मी मास्तरीण आहे. :)

वर्गात सगळ्यात जास्त येणारी चूक 'बिलीव्ह ऑन'. मुलं 'आय बिलीव्ह ऑन हिम' लिहितात. कारण उघड आहे, आपला विश्वास नेहमी कुणा'वर' असतो आणि 'वर' म्हणजे 'ऑन'. दुसरी चूक 'आय ॲम नॉट बिलीव्हिंग धिस'. हे क्रियापद स्थिती सांगणारं. नो, लव्ह, वाँट यांच्यासारखं, त्यामुळे सहसा चालू काळात जात नाही. पण मराठीत 'माझा विश्वासच बसत नाहीये' हे अगदी सहज चालू काळात येतं, म्हणून मुलाची जीभ तिकडे वळते. लाल शाई मारण्याआधी मी आता विचारते, मराठीत काय म्हणणार होतास? चूक कुठून आली ते तिथेच सापडतं.

स्पेलिंगसाठी मात्र एक जुनी युक्ती सांगते. 'बिलीव्ह'च्या बरोबर मध्ये 'लाय' म्हणजे खोटं दडलेलं आहे, एल-आय-ई. एकदा ऐकलेलं मूल आय आणि ईची अदलाबदल पुन्हा करत नाही. आणि नामाच्या शेवटी एफ, क्रियापदात व्ही. बिलीफ-बिलीव्ह, रिलीफ-रिलीव्ह, ग्रीफ-ग्रीव्ह, प्रूफ-प्रूव्ह. सगळी भावंडं एकाच साच्यातली.

अर्धविराम

खडूताई, 'बिलीव्ह ऑन' सरसकट चूक म्हणू नका हो. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'बिलीव्ह ऑन द लॉर्ड जीझस क्राइस्ट' असंच आहे. प्रेषितांची कृत्ये, १६वा अध्याय, ३१वं वचन. पोरांना सांगा, चारशे वर्षं उशीर झाला, एरवी मार्क मिळाले असते.

खडू_फळा

@अर्धविराम, हे वर्गात सांगितलं तर उद्यापासून सगळी वही किंग जेम्सच्या इंग्रजीत येईल. नको.

तळटीप

मी बातम्यांची भाषांतरं करतो. आमच्याकडे या शब्दाने जो धुमाकूळ घातलाय तो सांगतो.

इंग्रजी बातमीत 'ऑफिशियल्स बिलीव्ह थ्री पीपल आर ट्रॅप्ड अंडर द डेब्री' असं वाक्य असतं. नवीन मुलगा त्याचं करतो, 'ढिगाऱ्याखाली तीन जण अडकले असल्याचा विश्वास अधिकाऱ्यांनी व्यक्त केला.' वाचून बघा एकदा मोठ्याने. मराठीत विश्वास व्यक्त करतात तो निवडणूक जिंकण्याचा, काम वेळेत पुरं होण्याचा. म्हणजे जे व्हावंसं वाटतं त्याचा. माणसं अडकल्याचा विश्वास व्यक्त करणारा अधिकारी राक्षसच म्हणायला हवा! तिथे 'भीती' हवी. तीन जण अडकल्याची भीती आहे. इंग्रजी 'बिलीव्ह'ला चांगल्या-वाईटाचं सोयरसुतक नाही, मराठी 'विश्वास' मात्र कायम चांगल्याच्या बाजूने झुकलेला.

'पोलीस बिलीव्ह' आलं की 'पोलिसांचा संशय' किंवा 'अंदाज'. 'ही इज बिलीव्हड टू हॅव फ्लेड द कंट्री' म्हणजे 'तो देशाबाहेर पळाला असावा'. त्या 'असावा'त सगळं आलं. 'पळाला असल्याचे मानले जाते' असं लिहिणाऱ्यांना मी हात जोडतो. मानली जाते ती परंपरा. पळून गेलेला माणूस मानला जात नाही, शोधला जातो.

आणि हा 'इज बिलीव्हड' वार्ताहराचा मोठा आधार बरं का. कोण मानतं ते सांगायलाच नको. चूक निघाली तरी कुणाच्या अंगावर येत नाही.

निवांत

'अडकल्याचा विश्वास' वाचून ऑफिसात एकटाच हसलो.

आडवळण

तळटीप, प्रतिसाद भारी. पण मला मूळ लेखातलं एक पटलं नाही. (बघा, 'आय डोन्ट बिलीव्ह' नाही म्हटलं.) 'आय डोन्ट बिलीव्ह यू'त शंका फक्त वाक्यावर, माणसावर नाही, हे फारच सोपं करून सांगितलंय. नवऱ्याने उशिरा येऊन कारण सांगितलं आणि बायको शांतपणे, एकेक शब्द सुटा करत 'आय डोन्ट बिलीव्ह यू' म्हणाली, तर ते माणसावरच आहे. तिथे 'काहीतरीच' असं भाषांतर करून बघा बरं.

कानामात्रा

@आडवळण, तिथेही 'तू खोटं बोलतोयस' एवढाच आरोप आहे. पुढची पायरी आहे 'आय डोन्ट ट्रस्ट यू'. 'आय बिलीव्ह यू, बट आय डोन्ट ट्रस्ट यू' हे वाक्य इंग्रजीत बिनचूक चालतं. आज तू सांगतोयस ते खरं आहे, पण उद्या तुझ्या हातात किल्ल्या देणार नाही. उलटही होतं. भाबड्या मित्राने ऐकीव बातमी आणली तर 'आय ट्रस्ट यू, बट आय डोन्ट बिलीव्ह धिस'. म्हणजे तू खोटं बोलत नाहीस, पण तुला कुणीतरी बनवलंय.

विश्वास हा शब्द खरं म्हणजे 'ट्रस्ट'चा जोडीदार. चुकून 'बिलीव्ह'शी लग्न लागलंय.

पैलतीर

'ट्रस्ट'वरून आठवलं. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी ८ डिसेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांचा करार केला, तेव्हा रेगन यांनी एक रशियन म्हण सुनावली, 'दोवेरयाय, नो प्रोवेरयाय'. इंग्रजीत 'ट्रस्ट, बट व्हेरिफाय'. गोर्बाचेव्ह लगेच म्हणाले, हे तुम्ही प्रत्येक भेटीत म्हणता. हशा पिकला.

तिथे 'बिलीव्ह, बट व्हेरिफाय' का चाललं नसतं हे कानामात्रा यांच्या हिशेबाने नीट कळतं. तुम्ही सांगितलेला क्षेपणास्त्रांचा आकडा खरा आहे, असं मानलं तर मग मोजायला माणसं कशाला पाठवायची? 'ट्रस्ट'मध्ये मात्र संबंध ठेवून तपासणी करता येते. रशियन म्हणीत यमक आहे, ते इंग्रजीत गळालं, ती हळहळ वेगळीच.

उंबरठा

जरा लांबचं लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

मूळ लेखात 'आय बिलीव्ह'ला शेपूट म्हटलंय. ती शेपूट तत्त्वज्ञांनीही धरली होती. जी. ई. मूर या ब्रिटिश तत्त्वज्ञाच्या लक्षात आलं की 'बाहेर पाऊस पडतोय, पण पाऊस पडतोय असं मी मानत नाही' हे वाक्य विचित्र आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पाऊस पडत असेल आणि मला पत्ता नसेल, रोज होतं. माझ्याबद्दल दुसऱ्याने हे वाक्य म्हटलं तर काहीच खटकत नाही. मी स्वतः म्हटलं की फजिती. विट्गेनश्टाइन या दुसऱ्या तत्त्वज्ञाने याला मूरचा विरोधाभास असं नाव दिलं आणि त्याच्यावर बराच काथ्याकूट केला.

गंमत 'मी' आणि 'तो' यांतल्या फरकात आहे. 'ही बिलीव्हज इट्स रेनिंग' म्हणजे त्याच्या डोक्यात काय आहे त्याची माहिती. 'आय बिलीव्ह इट्स रेनिंग' ही माझ्या डोक्याची माहिती नाहीच, ती पावसाचीच बातमी आहे, जरा दबक्या आवाजात दिलेली. ऐकणारा 'असं होय, तू असं मानतोस तर' म्हणत नाही, छत्री शोधतो.

विट्गेनश्टाइनचं आणखी एक म्हणणं होतं. 'चुकीचं मानणे' अशा अर्थाचं क्रियापद असतं, तर त्याला प्रथमपुरुषी वर्तमानकाळ उरला नसता. मला हे वाचताना वाटलं, अहो, मराठीत आहे की ते! 'तो स्वतःला फार शहाणा समजतो.' यात तो शहाणा नाही हे बोलणाऱ्याने सांगून टाकलंय. आता 'मी स्वतःला शहाणा समजतो' म्हणून बघा, थट्टेशिवाय निघणारच नाही तोंडातून. भूतकाळात मात्र बिनधास्त, 'मी तुला शहाणा समजत होतो'. बिचारा.

आडवळण

@उंबरठा, मस्त. पण 'मी त्याला भाऊ समजतो' हे? थट्टा नाही, प्रथमपुरुष आहे, वर्तमानकाळ आहे. सिद्धांत कोसळला.

उंबरठा

कोसळला नाही, उलट टेकू मिळाला. 'भाऊ समजतो' तो माणूस भाऊ नसतो. सख्ख्या भावाबद्दल कुणी 'मी त्याला भाऊ समजतो' म्हणत नाही, म्हटलं तर घरात काहीतरी बिनसलंय. वस्तुस्थिती तशी नाही हे 'समजणे'त इथेही आहेच. फक्त इथे ते जाणूनबुजून आहे. इंग्रजीत इथे 'बिलीव्ह' येणारच नाही, 'कन्सिडर' येईल.

निवांत

डोकं गरगरलं. चहा घेऊन येतो.

खडू_फळा

अवांतर, पण राहवत नाही. कुणीतरी व्युत्पत्ती काढणारच, तर मीच काढते.

'बिलीव्ह' आणि 'लव्ह' एकाच मुळाचे. जर्मन 'ग्लाउबेन' हा त्यांचा चुलतभाऊ. ते इंडो-युरोपीय मूळ आवडण्याचं, हवंसं वाटण्याचं, आणि संस्कृतात त्याच मुळापासून 'लुभ्' आलाय, म्हणजे आपला 'लोभ'. श्रद्धेचं नातं दुसरीकडे. 'श्रद्धा' आणि लॅटिन 'क्रेडो' एका घरचे, त्या 'क्रेडो'पासून इंग्रजीत 'क्रीड' आणि 'क्रेडिट'. तेव्हा क्रेडिट कार्डाचं गोत्र श्रद्धेचं आणि 'बिलीव्ह'चं लोभाचं. उलट असतं तर जास्त शोभलं असतं!

'विश्वास' या दोघांपासून लांब. वि आणि श्वस्, म्हणजे मुळात श्वास. ज्याच्यापाशी धास्ती न बाळगता श्वास घेता येतो तो विश्वासातला. कानामात्रा म्हणतात ते मला यामुळेही पटतं. विश्वास माणसाशीच जोडलेला आहे. नुसतं एखादं वाक्य ऐकून कुणी मोकळा श्वास घेत नाही.

तळटीप

खडूताई, शेवटच्या वाक्याला हरकत. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' हे वाक्य ऐकून घेतात.

खडू_फळा

मान्य. तेवढं एक वाक्य वगळून.

सरळरेषा

मला हा सगळाच खटाटोप कळत नाही. मराठी बोलताना मध्येच 'बिलीव्ह मी' म्हणायची फॅशन आलीय, तिच्यावर बोला. 'शप्पथ' काय वाईट होती? 'खरंच सांगतो', 'देवाशप्पथ', 'आईशप्पथ', पाहिजे तितके पर्याय आहेत. (मावैम, म्हणजे माझं वैयक्तिक मत. भांडायला येऊ नका.)

कानामात्रा

@सरळरेषा, भांडत नाही, पण 'बिलीव्ह मी' आणि 'शप्पथ' यांची जागा एक नाही. 'शप्पथ' समोरच्याने शंका घेतल्यावर येते. 'बिलीव्ह मी' बहुतेकदा शंका घेण्याआधीच येतं, अनुभवाचा तोरा मिरवत. 'बिलीव्ह मी, यू डोन्ट वाँट धिस जॉब.' तिथे मराठीत 'माझं ऐक' हवं. शपथ घेतली तर ऐकणारा बावरेल.

'बिलीव्ह इट ऑर नॉट'चंही तसंच. शब्दशः 'विश्वास ठेवा अगर ठेवू नका', आणि आपण ते भाषांतर इतकं मुरवलंय की आता मराठीच वाटतं. रॉबर्ट रिप्ली या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या वर्तमानपत्रातल्या सदराने तो वाक्प्रचार जगभर नेला. सदर १९१८चं, हे नाव त्याला १९१९मध्ये मिळालं. गप्पांत मात्र आपण अजूनही 'खरं वाटणार नाही तुला, पण' अशीच सुरुवात करतो, आणि तेच बरं.

पैलतीर

लहान मुलांचं 'मेक बिलीव्ह' राहिलं की. खोटंखोटं. 'आपण खोटंखोटं दुकान मांडूया.' इंग्रजीत मानायला लावणं, आपल्याकडे सरळ खोटं, तेही दोनदा, म्हणजे कुणाची फसगत नको.

नवाकोरा

सगळं वाचलं. आता माझी अडचण सोडवा, खरोखरची आहे. दुसऱ्या टीममधल्या वरिष्ठांनी मला चुकीची फाइल पाठवलीय. 'आय बिलीव्ह यू हॅव सेंट द राँग फाइल' लिहू की 'आय थिंक'?

तळटीप

'आय बिलीव्ह' लिही. 'आय थिंक' म्हणजे तुझं मत झालं, ते ऐकून घेणाराही मग आपलं मत सांगतो. 'आय बिलीव्ह' जरा औपचारिक आहे. त्यातून असं दिसतं की तुझ्याकडे कारण आहे आणि तरी तू वरिष्ठांना 'चुकलात' म्हणत नाहीयेस. पण 'यू' काढ. 'आय बिलीव्ह धिस इज नॉट द फायनल व्हर्जन' असं फाइलवर ढकल. आणि 'आय स्ट्राँगली बिलीव्ह' चुकूनही नको, ते भाषणात.

आडवळण

आणि हेही ध्यानात ठेव. वकिली थाटात कुणी 'आय बिलीव्ह यू आर मिस्टेकन' लिहिलं, तर त्याला अजिबात शंका नसते, पुरावा खिशात असतो. शेपूट नम्रतेची, दात तेच.

नवाकोरा

पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर, 'आय कान्ट बिलीव्ह आय डिड दॅट. सॉरी.' आता हे काय? ते केलं नाही म्हणतायत का?

कानामात्रा

नाही रे, कबूल करतायत. 'कान्ट बिलीव्ह' बहुतेकदा झालेल्या गोष्टीबद्दल येतं. जे खरोखर खोटं वाटतं त्याला 'डोन्ट बिलीव्ह'. 'आय कान्ट बिलीव्ह वी वन' म्हणणारा करंडक हातात धरून उभा असतो. आणि तेच वाक्य समोरच्याबद्दल आलं, 'आय कान्ट बिलीव्ह यू डिड दॅट', तर ते बोलणं खाणं आहे, 'असं कसं केलंस तू!'

मराठीत इथे अखेर विश्वास शोभतो, पण 'ठेवणे' नाही, 'बसणे'. 'विश्वास बसत नाही.' ठेवणं आपल्या हातात असतं, बसणं नसतं. इंग्रजीला ते 'कान्ट' जोडून सांगावं लागतं.

तुझ्या साहेबांनी स्वतःबद्दल म्हटलंय, तेव्हा 'नो प्रॉब्लेम' लिही आणि बरोबर फाइल माग.

नवाकोरा

आली. हीही जुनीच आहे.

आडवळण

आता 'आय बिलीव्ह' काढून टाक.